बिनकामाची पाहणी

'सार्वजनिक इमारत' या संज्ञेचा अर्थ सर्वांसाठी असलेली इमारत असा कोशात सापडत असला, तरी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या व्यवहारात तिला एक पोटअट जोडलेली आढळते. ती अशी की, सर्वांपैकी ज्याचे तिथे काम असेल त्याच्यापुरतीच ती इमारत सार्वजनिक असते. ही अट कोणत्याही अधिनियमात छापलेली नाही. ती दाराशी स्टुलावर बसलेल्या शिपायाच्या तोंडी असते, "काय काम हाय?" एवढ्या तीन शब्दांत ती उच्चारली जाते, आणि ज्याला उत्तरादाखल साहेबाचे नाव, फायलीचा नंबर किंवा निदान फेरफाराची तारीख सांगता येत नाही तो माणूस बिनकामाचा ठरतो. जुनी इमारत नुसती पाहायला आलेला माणूस व्याख्येनेच बिनकामाचा असल्यामुळे वारसादिनाची सगळी अडचण या तीन शब्दांपाशी सुरू होते.

ऐतिहासिक वास्तूंची दारे वर्षातून एकदा सर्वांना उघडी करण्याची कल्पना मूळ फ्रान्समधली. तिथले सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांनी १९८४ साली तिचा आरंभ केला, १९९१ साली युरोप परिषदेने तो उपक्रम आपलासा केला आणि आता जवळजवळ ५० देशांत सप्टेंबरच्या सुमारास तो पार पडतो. त्या दिवशी पॅरिसमध्ये राष्ट्राध्यक्षांचा एलिझे प्रासादही आतून पाहायला मिळतो आणि त्यासाठी लोक काही तास रांगेत उभे राहतात. या सगळ्या व्यवस्थेखाली दोन गृहीतके आहेत: इमारत एरवी बंद असते हे एक, आणि आत काय असेल याची बाहेरच्या माणसाला उत्सुकता असते हे दुसरे. मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यात ही दोन्ही तपासून घ्यावी लागतात, कारण इथे जी वास्तू बंद असायला हवी ती वर्षभर सताड उघडी असते, आणि जिला दार, कुलूप व शिपाई हे तिन्ही लाभलेले आहेत तिच्यात लोक सातबाऱ्यासाठी इतक्या वेळा जाऊन आलेले असतात की, आत काय आहे याविषयीची त्यांची उत्सुकता कायमची शमलेली असते.

भारतात वारसादिनाची तारीख १८ एप्रिल. स्मारके आणि स्थळे यांच्या जतनासाठी स्थापन झालेल्या 'इकोमॉस' या आंतरराष्ट्रीय परिषदेने ती १९८२ साली सुचवली आणि युनेस्कोने पुढच्याच वर्षी तिला मान्यता दिली. ती सुचवणाऱ्यांपैकी कोणी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी लातूरच्या बसस्थानकावर उभे राहिले असावे, असे मात्र त्या तारखेकडे पाहून वाटत नाही. पारा चाळिशीपार गेलेला असतो, किल्ल्याचा काळा दगड सकाळी दहा वाजताच तव्यासारखा तापतो, आणि त्यामुळे 'दगडांना हात लावू नये' ही सूचना तंतोतंत पाळली जाण्याचा वर्षातला एकमेव दिवस तोच ठरतो. शिवाय ती लग्नसराई असते. ज्या घरात गाडी आहे त्या घरात त्या तारखेच्या किमान तीन पत्रिका येऊन पडलेल्या असतात. एप्रिलच्या उन्हात मराठी माणूस घराबाहेर पडतच नाही, असे अनुमान यावरून काढणे मात्र चुकीचे ठरेल, कारण ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२२ साली २२ ते २४ एप्रिल याच दिवसांत उदगीरला भरले होते आणि मराठी साहित्य त्या उन्हातून सुखरूप बाहेर पडले. फरक एवढाच की, संमेलनात जेवणाची सोय असते. पुरातत्त्व खाते नोव्हेंबरात १९ ते २५ या तारखांना जो वारसा सप्ताह पाळते, त्या वेळी हवा उत्तम असते आणि नेमक्या त्याच कारणाने प्रत्येकाला काही ना काही काम असते: सोयाबीन मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात न्यायचे असते, हरभरा पेरायचा असतो, आणि किल्ला काय, तो कुठे पळून चाललेला नसतो.

किल्ला पळून जात नाही ही गोष्ट खरी, पण या भागातले काही किल्ले लपून मात्र बसलेले आहेत. डोंगराचा आधार न घेता सपाट जमिनीवर बांधलेल्या आणि भोवती खंदक खणून सुरक्षित केलेल्या किल्ल्याला भुईकोट म्हणतात. कंधार, औसा आणि उदगीर ही त्याची या दोन जिल्ह्यांतली ठळक उदाहरणे होत. औशाच्या किल्ल्यासाठी चहूकडून उंचवट्यांनी वेढलेली खोलगट जागा निवडलेली आहे. किल्ल्याच्या माथ्यावरून दुरून येणारी फौज दिसावी पण त्या फौजेला किल्ल्याचा बराचसा भाग दिसू नये, हा त्या निवडीमागचा हेतू, आणि तो इतका सफल झालेला आहे की, औशात जन्मून औशातच नोकरीला लागलेल्या कित्येकांनाही तो अद्याप दिसलेला नाही. उदगीरच्या वाट्याला थोडी अधिक कीर्ती आली. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला तिथे नमवले आणि तहात दौलताबाद, अहमदनगर, बुऱ्हाणपूर, विजापूर अशी मोठमोठी ठाणी व सुमारे ६० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख पदरात पाडून घेतला. परंतु १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत घडल्यामुळे या विजयाला स्वतःचा पहिला वाढदिवस साजरा करण्याचीही सवड मिळाली नाही, आणि तेव्हापासून उदगीरचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकात पानिपताच्या आधीचा परिच्छेद म्हणूनच होत आला आहे. कंधारचा किल्ला या तिघांत सर्वांत जुन्या आठवणींचा. राष्ट्रकूटांपासून निजामापर्यंत राजवटी बदलल्या, प्रत्येक राजवटीने आधीच्या राजवटीचे दगड आपल्या भिंतीत वापरून घेतले, आणि खंदक मात्र सर्वांनी तसाच ठेवला, कारण पाणी साठवण्याच्या बाबतीत मराठवाड्यात कोणत्याही राजवटीला चैन परवडलेली नाही.

अशा किल्ल्यांत सकाळी फिरणारी मंडळी, दुपारी शेळ्या आणि संध्याकाळी क्रिकेटचे दोन संघ येत असतात, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले बुरुजाच्या सावलीत बसून, ज्या इमारतीत आपण बसलो आहोत तिचा इतिहास पुस्तकातून पाठ करत असतात. तिकीटच नसल्यामुळे वारसादिनाची तिकीटमाफी इथे लागू करता येत नाही. त्यामुळे एखाद्या भुईकोटात वारसादिन साजरा करायचे ठरले की आयोजकांपुढे पहिला पेच उभा राहतो तो उद्घाटनाचा. उद्घाटनाला फीत लागते, फितीला दार लागते, आणि दाराच्या जागी बहुधा नुसती कमान उरलेली असते. मग कमानीच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून सकाळी नऊ वाजता फीत बांधली जाते आणि प्रमुख पाहुण्यांची गाडी साडेअकराला येत असल्यामुळे, जो दरवाजा ३६४ दिवस कोणालाही अडवत नाही तो दारे उघडण्याच्या दिवशीच अडीच तास बंद राहतो. जे लोक नऊच्या आधी फिरायला आत शिरलेले असतात, त्यांना फीत ओलांडणे प्रशस्त वाटत नाही. त्यांना पहिल्या रांगेत बसवून श्रोत्यांची संख्या दाखवता येते. फितीखालून एखादी शेळी निघून जाते, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या उद्घाटन तिच्याच हस्ते झालेले असते, पण तिचा उल्लेख बातमीत येत नाही. त्यानंतर दीपप्रज्वलन, शाल आणि श्रीफळ. किल्ल्याचा इतिहास ज्याला खरोखर ठाऊक आहे असा गावात एक निवृत्त शिक्षक असतो आणि त्याचे नाव आभारप्रदर्शनात, मंडप आणि ध्वनिक्षेपक यांच्यानंतर घेतले जाते.

किल्ल्याशी असा सैल घरोबा असल्यामुळे तिथला कायद्याचा फलकही लोकांना परका वाटत नाही. केंद्राच्या १९५८ सालच्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात, ज्याच्या धर्तीवर महाराष्ट्राने १९६० सालचा आपला कायदा केला, संरक्षित स्मारकाच्या बाबतीत सात क्रिया निषिद्ध मानलेल्या आहेत: ते नष्ट करणे, हलवणे, त्याला इजा करणे, त्यात बदल करणे, ते विद्रूप करणे, धोक्यात आणणे आणि त्याचा गैरवापर करणे. एवढी क्रियापदे एकाच वाक्यात वाचून सामान्य माणसाची खात्री पटते की, आपण करतो ते यांपैकी काहीच नाही. तटाचा ढासळलेला चिरा गोठ्याच्या उंबऱ्याला बसवणे हे त्याच्या लेखी हलवणे नसते, ते वापरात आणणे असते. कोरीव खांबाचा तुकडा धुणे धुवायला घेणे हा गैरवापर नसतो, कारण धुणे तर स्वच्छ निघते. कायद्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रश्न शेंदराचा आहे. भग्न मूर्तीला शेंदूर फासला की तिचा चेहरा, दागिने आणि शतक ही तिन्ही अभ्यासकाला दिसेनाशी होतात आणि तो हळहळतो. परंतु त्याच क्षणापासून ती मूर्ती उचलून नेण्याची कोणाची छाती होत नाही, तिच्याभोवती ओटा होतो, नंतर पत्र्याचे छप्पर येते, आणि ज्या संरक्षणासाठी प्रस्ताव पाठवावा लागला असता ते पावशेर शेंदरात मिळून जाते. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे पाहिली म्हणजे शेंदराशिवायही काही टिकते याचा दिलासा मिळतो, पण तिथवर पोचायला वाट वाकडी करावी लागते.

लातूरच्या प्राचीनत्वाचा मामला याहून निराळा, कारण ते इमारतीपेक्षा नावात अधिक शिल्लक आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजेच लातूर असे सामान्यतः मानले जाते. यातली गंमत अशी की, अमोघवर्षासारखा राजा राज्य करत होता तो मान्यखेटाहून, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या मळखेडहून. बिरुदात लातूर आणि पत्ता दुसरीकडचा. पुण्यात सदनिका घेऊन 'मूळ गाव लातूर' असे सांगणाऱ्यांची परंपरा त्यामुळे सरळ नवव्या शतकापर्यंत मागे नेता येते. शिकवणीसाठी आज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लातुरात येऊन राहणाऱ्या मुलांना हे बिरुद दाखवले तर ती प्रथम त्यात किती अक्षरे आहेत ते मोजतात आणि नंतर यावर किती गुणांचा प्रश्न येतो ते विचारतात. 'लातूर पॅटर्न' या नावाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासपद्धतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शून्य आले की पहिल्याचे उत्तरही कोणी लक्षात ठेवत नाही.

लातुरात दाराविषयीचा प्रश्नच उद्भवू न देणारी एक वास्तू आहे आणि ती म्हणजे गंजगोलाई. 'गंज' या फारसी शब्दाचा अर्थ साठा, खजिना आणि त्यावरून मालाची पेठ असा होतो (मराठीत तोच ध्वनी लोखंडावरच्या तांबेऱ्यालाही आहे आणि डाळ शिजवण्याच्या भांड्यालाही, त्यामुळे बाहेरगावच्या पाहुण्याचा थोडा गोंधळ उडतो), आणि गोलाई म्हणजे वर्तुळ. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ साली ही दुमजली गोल इमारत उभी राहिली. मध्यभागी जगदंबेचे मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते. युरोपात अशी रचना आढळली असती तर तिच्यासमोर एक बाक, एक माहितीफलक आणि पंधरा जणांचा एक स्तब्ध गट दिसला असता. लातुरात तिच्यासमोर हातगाडे, सीताफळे, मनगटी घड्याळे, प्लास्टिकच्या बादल्या आणि अर्धवट वळलेली एक रिक्षा असते. रोज हजारो माणसे या वारशाला प्रदक्षिणा घालतात, पण ती प्रदक्षिणा योग्य रस्ता सापडत नाही म्हणून घडत असते, कारण सोळा तोंडे एकसारखी दिसतात, सराफ लाइनमध्ये शिरायचे असलेला माणूस चपलांच्या दुकानांत निघतो आणि मिरची घ्यायला आलेली बाई कापडाच्या भावात घासाघीस करून, मिरची विसरून घरी जाते. 'गोलाई कुठे आहे?' असे एखाद्याने गोलाईतच उभे राहून विचारले तर दुकानदार बोट वर करत नाही, तो विचारतो, "काय घ्यायचंय?" आणि या प्रश्नाला मागच्या परिच्छेदांतल्या शिपायाच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ मानावे लागते. वरच्या मजल्याकडे मान करून पाहणारा माणूस इथे एकच असतो, आणि तो विजेच्या तारा जोडायला आलेला असतो.

नांदेडला, गोदावरीच्या काठी, या प्रश्नाचा मागमूस नसलेली जागा आहे. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ साली जिथे देहावसान झाले, तिथे महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात तख्त सचखंड हुजूर साहिबची इमारत बांधवली. आत शिरणाऱ्याने डोके झाकावे आणि पादत्राणे बाहेर ठेवावीत एवढीच अपेक्षा असते. काम काय, कोणाकडे आलात, कागद आणलेत का, यांपैकी काही कोणी विचारत नाही, उलट लंगरमध्ये, म्हणजे सर्वांसाठी चालणाऱ्या सामुदायिक पंगतीत, बसायला सांगितले जाते. जिल्ह्याच्या कचेऱ्यांत दोन दिवस हेलपाटे घातलेला माणूस तिथे पोचला की, कोणी काही विचारत नाही हे पाहून तो काही वेळाने स्वतःहूनच आपले काम सांगू लागतो.

आता उरतात त्या कचेऱ्या, आणि वारसादिनाची खरी परीक्षा तिथेच आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या काळातल्या काही इमारतींत आजही सरकारी कामकाज चालते. दगडी जोते, हातभर रुंद भिंती, उंच छत आणि उन्हाळ्यातही गार राहणारी ओसरी हे त्यांचे विशेष. परंतु छताखाली दुसरे पांढरे छत आलेले असते, कोनाड्यासमोर कपाट उभे असते, आणि सागवानी तुळईला साहेबांच्या केबिनशी जुळणारा तेलरंग मिळालेला असतो. मुंबई महानगरपालिकेने १८९३ साली पूर्ण झालेली आपली मुख्य इमारत २०२१ पासून शनिवारी-रविवारी मार्गदर्शकासह लोकांना दाखवायला सुरुवात केली, तेव्हा लोक पैसे भरून महापालिकेत गेले. आपल्या इच्छेने आणि काम नसताना पालिकेत पैसे भरायला जाणारा नागरिक हा तिकडचा शोध मराठवाड्यात अजून पोचायचा आहे.

इथे दारे उघडली ती कामासाठीच. कचेरीच्या आतल्या खोलीत कापडात गाठोडी बांधून ठेवलेल्या कागदांना बस्ता म्हणतात. लग्नाच्या खरेदीलाही तोच शब्द आहे, पण लग्नाचा बस्ता एकदा तरी सोडला जातो. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातले दप्तर पाहायला सुरुवात झाली, तेव्हा हे बस्ते सुटू लागले. ज्यांना मोडी लिपी वाचता येते आणि ज्यांना जुनी उर्दू लागते अशा वृद्धांना गावोगावी शोधून खुर्ची देण्यात आली, जी माणसे वारसा या शब्दाचा उपयोग फक्त वारसनोंदीच्या अर्थाने करत आली होती ती कागदाच्या कडा जपून उलटू लागली, आणि कोणत्याही वारसा सप्ताहात जमले नव्हते एवढे लक्ष त्या पिवळ्या पानांकडे लागले. खासरा पाहणी पत्रक हे अशा दप्तरातले एक प्रसिद्ध नाव. पाहणी म्हणजे शेतावर प्रत्यक्ष जाऊन केलेली तपासणी. सरकारी मराठीत या शब्दाला जे वजन आहे, ते 'पाहणे' या त्याच्या गरीब नातेवाइकाला नाही.

या भेदाची प्रचीती अभ्यागत नोंदवहीत येते. कचेरीच्या दाराशी ठेवलेल्या या वहीत नाव, गाव, कोणाला भेटायचे, कामाचे स्वरूप आणि शेरा असे रकाने आखलेले असतात. वारसादिनाचे वृत्त वाचून आलेला एखादा निवृत्त प्राध्यापक 'कोणाला भेटायचे' या रकान्यापाशी अडतो, कारण त्याला तुळईला भेटायचे असते, "कोणाकडं आलाव?" या प्रश्नाला तो "इमारतीकडे" असे प्रामाणिक उत्तर देतो, आणि शिपाई "सायेब फिरतीवर गेलेत" असे सांगून त्याला निरोप देऊ पाहतो. मात्र कामाच्या स्वरूपाखाली त्याने व्याकरणाच्या सवयीने 'इमारत पाहणे' असे न लिहिता 'इमारतीची पाहणी' असे लिहिले, तर वही उलटी करून वाचणाऱ्या शिपायाच्या चेहऱ्यावर फरक पडतो. तो स्टुलावरून उठतो. आत कुजबुज होते, पंखे सुरू होतात, टेबलावरच्या तंबाखूच्या डब्या खणात जातात, फिरतीवर गेलेले साहेब मागच्या खोलीतून बाहेर येतात आणि कपबशीतला चहा येतो. ज्या खोलीची किल्ली हरवल्याची नोंद मागच्या तीन अधिकाऱ्यांच्या काळात कायम राहिली होती, ती किल्ली अव्वल कारकुनाच्या करदोट्याला सापडते. प्राध्यापक मान वर करून अर्धा तास छत न्याहाळतात, तेव्हा गळतीसाठी मागितलेला निधी आता मंजूर होणार अशी सर्वांची खात्री होते आणि साहेब अदबीने विचारतात की, अहवाल वरती केव्हा जाईल. पाहुणे तुळईच्या नक्षीबद्दल काही बोलतात, ते कोणाला नीट कळत नाही, पण सगळे माना डोलावतात. त्यांना फाटकापर्यंत पोचवून आल्यावर अव्वल कारकून नोंदवही पुढे ओढतात, शेवटच्या रकान्यात लाल शाईने 'पाहणी झाली, त्रुटी आढळली नाही' असा शेरा मारतात आणि किल्ली पुन्हा करदोट्याला अडकवतात.